ब्रिजमधल्या कार्डाला आयपी ठेवायचा नसतो, तो ब्रिजला द्यायचा असतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाला पण कळेल. लातूरला मामांची डाळमिल, राऊटर मेन ऑफिसात, वजनकाट्याची केबिन पार गेटपाशी, आणि मधे गोदाम. ऑफिसपासून काट्यापर्यंत सरळ वायर ओढली तर दीडशे मीटरच्या आसपास जाते. गोदामातल्या मशीनवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्याला दोन लॅन कार्ड आहेत, म्हणून तुम्ही ऑफिसची वायर एका कार्डात, काट्याची वायर दुसऱ्या कार्डात लावली आणि दोन्हीचा ब्रिज केला. झालं काय, तर गोदामाच्या मशीनचंच नेट गेलं, काट्याच्या विंडोजला सकाळी सकाळी १६९.२५४ वाला ॲड्रेस यायलाय आणि कधी थोड्या वेळानं आपोआप बरोबर होतोय. वायफायचं डोंगल ब्रिजमधे घालायला गेलात तर घेतच नाही. वर त्याच मशीनवर जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालवायचंय, ते ऑफिसमधून दिसलं पाहिजे.

भाऊ, तुम्ही जे केलंय ते चुकीचं नाही, अर्धं राहिलंय. मी गेली कित्येक वर्षं परभणी, नांदेड, लातूर भागात लॅब, जिनिंग, अडत दुकानं, पतसंस्था असल्या ठिकाणी नेटवर्क लावायलोय आणि ब्रिज फसला की दहातल्या आठ वेळा एकच गोष्ट निघते, ती म्हणजे कार्डावर आयपी (मशीनचा नेटवर्कमधला पत्ता) तसाच राहिलेला असतो. तुमच्या बाकीच्या अडचणी पण फिरून तिथंच येतात म्हणून ते आधी नीट सांगतो, कमांड नंतर.

ब्रिज म्हणजे मशीनच्या आत बसवलेला स्विच. बास एवढंच. बाजारातून आणलेल्या आठ पोर्टच्या स्विचला मागं भोकं असतात, त्या भोकांना आयपी असतो का? नसतो. तसंच ज्या क्षणी तुम्ही लॅन कार्ड ब्रिजमधे टाकलं त्या क्षणी ते कार्ड राहिलं नाही, त्या स्विचचं एक भोक झालं. आणि बीआर० म्हणून जे नवं इंटरफेस दिसायलंय ते म्हणजे त्या स्विचमधून तुमच्या स्वतःच्या लिनक्सला आलेली आतली वायर. आयपी द्यायचा तो या बीआर० ला, गेटवे (बाहेर जायचा रस्ता) पण त्याच्याच मार्फत, डीएचसीपी (राऊटरकडून आपोआप आयपी मागणं) पण त्याच्यावरच.

आता तुमचं नेट का गेलं ते बघा. ईएनपी२एस० वर, म्हणजे ऑफिसकडच्या कार्डावर (काट्याकडचं ते ईएनपी३एस०), आधीचा आयपी तसाच होता, रूट (बाहेर जायच्या रस्त्याची नोंद) पण त्याच्याच नावावर. लिनक्स काय करतं, त्या कार्डाच्या नावानं बाहेर ओरडतं की राऊटर कोण आहे, तुझा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर) सांग. राऊटर बिचारा उत्तर देतो. पण उत्तर घेऊन आलेली फ्रेम (डेटाचं पाकीट) कार्डावर उतरली की कर्नल (लिनक्सचा गाभा) ती लगेच ब्रिजच्या हातात देतो, कारण कार्ड आता ब्रिजचं आहे. म्हणजे प्रश्न विचारला एका दारातून आणि उत्तर आलं दुसऱ्या दारात. कार्ड वाट बघत बसतं, राऊटर सापडत नाही, तुम्हाला वाटतं वायर खराब. वायर चांगली आहे. आयपी ॲडर ही कमांड चालवली की ईएनपी२एस० समोर आयपी दिसला, तर हेच दुखणं.

वॉचमनचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो, तुमच्या मिललाच लागू पडतं. दोन गेट आहेत, वॉचमन प्रत्येक गाडी आत येताना तिचा नंबर आणि कुठल्या गेटानं आली ते वहीत लिहितो. उद्या त्या गाडीसाठी निरोप आला तर वही बघून त्याच गेटाकडं पाठवतो. वहीत नंबरच नसला तर बाकीच्या सगळ्या गेटांकडं निरोप पाठवून देतो. ब्रिज नेमकं हेच करतो, नंबराच्या जागी मॅक ॲड्रेस. लिनक्समधे ही नोंद ३०० सेकंद गप्प राहिली की खोडली जाते. ब्रिजला आयपी बियपी काही वाचायचं नसतं, म्हणून काट्याच्या मशीनला वाटतं आपण थेट राऊटरलाच लागलोय. राऊटर त्याला आयपी देतो, ऑफिसचा प्रिंटर त्याला दिसतो. मधे एक लिनक्स बसलंय हे दोघांनाही माहीत नसतं.

अंतराचं पण यातच सुटतं. तांब्याच्या लॅन वायरीची मर्यादा १०० मीटर, पण ती एका तुकड्याची. ब्रिज फ्रेम पूर्ण आत घेतो आणि दुसऱ्या कार्डातून नव्यानं बाहेर टाकतो, त्यामुळं मोजमाप तिथून परत शून्यापासून सुरू. ऑफिस ते गोदाम एक तुकडा, गोदाम ते काटा दुसरा, दोन्ही शंभरच्या आत असले की झालं. मधे जोड मारून एकच लांब वायर केली तर मात्र ते चालत नाही, किंवा चालल्यासारखं करतं आणि पावसाळ्यात छळतं.

आता कमांड. मी बोलतो तशा देवनागरीत लिहायलोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत टाका, मधल्या जागा तशाच ठेवा, आणि रूट (ॲडमिन) होऊन चालवा. तुमच्या कार्डांची नावं वेगळी असू शकतात, आयपी लिंक टाकून आधी बघून घ्या. यूएसबीचं लॅन असलं तर नाव लांबलचक येतं, ईएनएक्स आणि पुढं त्याचा मॅक, घाबरू नका.

आयपी लिंक ॲड नेम बीआर० टाइप ब्रिज
आयपी ॲडर फ्लश डेव्ह ईएनपी२एस०
आयपी लिंक सेट ईएनपी२एस० मास्टर बीआर०
आयपी लिंक सेट ईएनपी३एस० मास्टर बीआर०
आयपी लिंक सेट ईएनपी२एस० अप
आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप
आयपी लिंक सेट बीआर० अप
डीएचक्लायंट बीआर०

दुसरी ओळ लोक विसरतात, तीच महत्त्वाची. आणि तिन्ही इंटरफेस अप करायचे, नुसता ब्रिज अप करून भागत नाही. जुन्या लेखांमधे बीआरसीटीएल ॲडबीआर, ॲडआयएफ असलं सापडेल, ते अजून चालतं पण ते जुनं हत्यार आहे, आता आयपी आणि ब्रिज या दोन कमांडमधे सगळं होतं, नवीन शिकणाऱ्यानं हेच हाताला लावून घ्यावं.

या कमांड तात्पुरत्या आहेत, रीबूट केलं की सगळं पुसलं जातं. मला हे फार आवडतं, कारण प्रयोग करायला भीती नाही. तुम्ही पुण्यात बसून एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) हे करत असाल तर आधी शटडाउन -आर +५ टाकून ठेवा, मग ब्रिज करा. कनेक्शन तुटलं तर पाच मिनिटात मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्या अवस्थेत परत येईल, आणि सगळं नीट झालं तर शटडाउन -सी टाकून रीबूट रद्द करा. हे न केल्यामुळं मला एकदा रात्री साडेदहाला परभणीहून मोटरसायकलवर जिंतूरकडं जावं लागलंय, एका सर्व्हरला फक्त एक ओळ टाइप करायला. डिसेंबरची थंडी होती, अजून आठवते.

पण तुमच्या केसमधे अजून एक भानगड आहे. डेस्कटॉपवालं डेबियन म्हणजे नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कची सेटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू असणार. तुम्ही हातानं कमांड टाकल्या तरी त्याच्याकडं जुनं प्रोफाइल आहे, वायर्ड कनेक्शन १ असलं काहीतरी नाव असतं, आणि ते ऑटोकनेक्टवर असतं. वायर हलली, मशीन झोपून उठलं की ते पुन्हा कार्डावर डीएचसीपी मागून आयपी चिकटवू शकतं. म्हणजे तुम्ही पुसायचं आणि त्यानं परत लिहायचं. म्हणून कायमचं करायचं तर त्याच्याशीच, त्याच्या एनएमसीएलआय या कमांडनं बोलून करा:

एनएमसीएलआय कॉन ॲड टाइप ब्रिज आयएफनेम बीआर० कॉन-नेम बीआर०
एनएमसीएलआय कॉन ॲड टाइप ब्रिज-स्लेव्ह आयएफनेम ईएनपी२एस० मास्टर बीआर०
एनएमसीएलआय कॉन ॲड टाइप ब्रिज-स्लेव्ह आयएफनेम ईएनपी३एस० मास्टर बीआर०

मग जुन्या वायर्ड प्रोफाइलला कॉन मॉडिफाय करून कनेक्शन.ऑटोकनेक्ट नो करा, किंवा सरळ डिलीट करा, मी डिलीटच करतो, ठेवलं की कुणीतरी माउसनं क्लिक करून परत चालू करतंच. त्यानंतर नव्या प्रोफाइल कॉन अप करायच्या. लक्षात ठेवा, हे मात्र कायमचं लिहिलं जातं, शटडाउनवाली युक्ती इथं वाचवणार नाही, म्हणून हे गोदामात मशीनसमोर बसूनच करा.

ज्यांच्याकडं नेटवर्कमॅनेजर नाही, साधं सर्व्हरवालं डेबियन आहे, त्यांनी ईटीसी नेटवर्क इंटरफेसेस फाइलमधे दोन्ही कार्डं मॅन्युअल करायची, बीआर० ला डीएचसीपी किंवा स्टॅटिक, आणि त्याखाली ब्रिज_पोर्ट्स लिहून दोन्ही कार्डांची नावं. यासाठी ब्रिज-यूटिल्स पॅकेज लागतं. ते पॅकेज ब्रिज करायच्या आधी उतरवून घ्या, नेट गेल्यावर कुठून आणणार. उबंटू सर्व्हर असलं तर नेटप्लॅन, त्यात ब्रिजेस खाली तेच सगळं, आणि अप्लाय करायच्या ऐवजी नेटप्लॅन ट्राय म्हणा, १२० सेकंदात तुम्ही एंटर दाबलं नाही तर ते स्वतः मागं फिरतं, पण ब्रिजचे जास्तीचे पॅरामीटर लिहिले असतील तर ते मागं फिरवता येत नाहीत.

आता सकाळच्या १६९.२५४ बद्दल. हा ॲड्रेस म्हणजे विंडोजनं आयपी मागितला, कुणीच दिला नाही, म्हणून स्वतःच एक घेऊन बसलं. का दिला नाही? कारण नेटवर्कमॅनेजरनं केलेल्या ब्रिजमधे एसटीपी (वायरींचा लूप अडवणारी सोय) आपोआप चालू असतो. तुम्ही नुसत्या आयपी लिंकनं ब्रिज केला तर एसटीपी बंद असतो, आणि एनएमसीएलआयनं किंवा सेटिंगच्या खिडकीतून केला तर चालू, हा फरक बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुम्ही मधे कधीतरी सेटिंगमधून पण ब्रिज बनवून बघितला असणार असा माझा अंदाज आहे.

एसटीपी चालू असला की पोर्टची वायर जिवंत झाल्यावर ब्रिज लगेच ट्रॅफिक सोडत नाही, १५ सेकंद नुसता ऐकतो, पुढचे १५ सेकंद मॅक लिहून घेतो, मग सोडतो. काट्याचं मशीन सकाळी चालू केलं, वायर जिवंत झाली, तिथून अर्धा मिनिट दार बंद. विंडोज तेवढ्यात मागून मागून थकतं आणि १६९ घेतं, मग मधून मधून, साधारण दर पाच मिनिटांनी, परत विचारतं आणि तेव्हा मिळतो. म्हणून तुम्हाला आपोआप बरोबर झाल्यासारखं वाटायलंय. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ती पाच मिनिटं किती मोठी असतात ते काट्यावर बसलेल्या माणसाला विचारा.

मग बंद करून टाकायचा का? इथं थोडं थांबून सांगतो कारण नेटवर दोन ओळीत एसटीपी बंद करा म्हणून सांगून लोक मोकळे होतात.

एसटीपी आहे लूपसाठी. इथरनेटच्या फ्रेमला आयपी पॅकेटसारखं आयुष्य नसतं, प्रत्येक टप्प्यावर एक कमी होत होत मरणं हा प्रकारच नाही. दोन ब्रिज किंवा स्विचमधे दोन रस्ते झाले की एक ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदात सगळं नेटवर्क आडवं. हा प्रश्न १९८५ मधे रेडिया पर्लमन या बाईंनी सोडवला, त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधे होत्या, आणि १९९० मधे त्याचं आयईईईचं ८०२.१डी स्टँडर्ड झालं. सगळे ब्रिज आपसात बोलून एक झाड बनवतात आणि जास्तीचा रस्ता स्वतःहून बंद ठेवतात. एवढी जुनी गोष्ट आहे आणि आजही आपल्या गोदामातल्या मशीनमधे तीच चालायलीय.

मी हे डोळ्यानं बघितलंय. एका कॉलेजच्या लॅबमधे असंच दोन कार्डांचं मशीन ब्रिज म्हणून लावलं होतं, एसटीपी मीच बंद ठेवला होता. महिनाभर छान चाललं. एक दिवस फोन आला की सगळंच बंद पडलंय, परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं त्या दिवसांत. गेलो तर दारातूनच कळलं, स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी लुकलुक करत होते, वेगवेगळे नाही, सगळे एकदम, आणि इतके जोरात की जवळजवळ स्थिरच दिसावेत. ब्रिजच्या मशीनचा पंखा वाजत होता. झालं असं होतं की कुणीतरी झाडू मारताना एक मोकळी वायर लोंबताना बघितली आणि चांगल्या मनानं स्विचमधे खोचून दिली. तिचं दुसरं टोक ब्रिजच्या दुसऱ्या कार्डात होतं. म्हणजे ब्रिजची दोन्ही टोकं एकाच स्विचमधे. ती एक वायर उपटली आणि दोन सेकंदात सगळं शांत. एसटीपी चालू असता तर ते एक पोर्ट गुपचूप बंद झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. त्या दिवसापासून माणसांचा हात पोचेल अशा ठिकाणी मी एसटीपी बंद ठेवत नाही.

त्यामुळं तुम्हाला मधला रस्ता सांगतो. एसटीपी राहू द्या, फक्त थांबण्याचा वेळ कमी करा. एनएमसीएलआय कॉन मॉडिफाय बीआर० ब्रिज.फॉरवर्ड-डिले २, आणि मग कॉन अप. दोन अधिक दोन, चार सेकंदात दार उघडतं, तेवढं विंडोज थांबतं. तुमच्याकडं ब्रिज एकच आहे म्हणून एवढा कमी वेळ चालतो, चार पाच मॅनेज्ड स्विचचं मोठं जाळं असतं तर मी असं सांगितलं नसतं. आयपी लिंकनं हेच करायचं तर आकडा २०० लागतो, तिथं मोजमाप सेकंदाच्या शंभराव्या भागात असतं, २ लिहिलं तर चुकेल.

एक मात्र समजून घ्या, काट्याच्या केबिनमधे साधा पाच पोर्टचा स्विच असला आणि कुणी त्याच स्विचच्या दोन भोकांत एकाच वायरीची दोन टोकं खोचली, तर गोदामातला एसटीपी त्याला अडवू शकणार नाही, तो लूप ब्रिजमधून जातच नाही. तिथं रिकाम्या वायरी काढून टाकणं हाच उपाय.

वायफायचं. डोंगल ब्रिजमधे टाकताना ऑपरेशन नॉट सपोर्टेड असलं आलं असणार. ते डोंगल खराब नाही आणि ड्रायव्हर पण शोधत बसू नका. वायफायवर राऊटरला क्लायंट म्हणून लागताना फ्रेममधे तीनच ॲड्रेस असतात, आणि राऊटर फक्त त्याच मॅकला ओळखतो ज्यानं पासवर्ड देऊन नाव नोंदवलंय. ब्रिजमागून काट्याच्या मशीनचा मॅक तिथून जायला लागला तर राऊटर म्हणणार हा कोण, आणि फेकून देणार. म्हणून कर्नल आधीच नाही म्हणतो. चार ॲड्रेसवाला मोड असतो, आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट ४ॲडर ऑन, पण तो समोरच्या राऊटरला पण यावा लागतो, ओपनडब्ल्यूआरटी असलं तर डब्ल्यूडीएस म्हणून करता येतं, कंपनीनं बसवून दिलेल्या फायबरच्या डब्यात बहुतेक वेळा ती सोय नसते. उलट दिशेनं मात्र चालतं, म्हणजे तेच डोंगल ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायचं, होस्टएपीडीच्या फाइलमधे ब्रिज=बीआर० एवढं लिहायचं, की गोदामात वायफाय पसरतं आणि ते ब्रिजचा भाग असतं. हमाल लोकांच्या मुकादमाला मोबाइलवर गाड्यांची यादी दाखवायची असली तर हे कामाचं आहे, पण डोंगल ॲक्सेस पॉइंट मोडला चालतं का ते आधी आयडब्ल्यू लिस्टमधे बघा.

व्हर्च्युअल मशीन. केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय), त्याच्यासोबत जे आपोआप नेटवर्क येतं ते व्हीआयआरबीआर०, त्यातल्या मशीनला १९२.१६८.१२२ वाला ॲड्रेस मिळतो आणि ते नॅटच्या आड असतं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून म्हणजे तुमच्या ऑफिसमधून ते दिसत नाही. तुम्ही आता बीआर० केलाच आहे तर व्हर्ट-मॅनेजरमधे त्या मशीनच्या नेटवर्क कार्डावर जाऊन सोर्स म्हणून ब्रिज डिव्हाइस निवडा आणि नाव बीआर० लिहा. मशीन चालू केलं की व्हीनेट० नावाचं तिसरं भोक ब्रिजला फुटतं आणि त्या विंडोजला थेट राऊटरकडून आयपी मिळतो. जुनं विंडोज असलं तर कार्डाचा प्रकार ई१००० ठेवा, व्हर्टआयओला आत वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

इथंच एक बारीक गोष्ट सांगतो, मला ती समजली तेव्हा फार बरं वाटलं होतं. लिनक्सच्या ब्रिजला तुम्ही मॅक ठरवून दिला नाही तर कर्नल त्याच्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलतो. आता व्हर्च्युअल मशीन चालू बंद होताना पोर्ट येतात जातात, त्यातला एखादा लहान निघाला तर ब्रिजचा मॅक बदलेल आणि कनेक्शन अडखळेल. म्हणून लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) होस्टच्या बाजूच्या पोर्टचा मॅक मुद्दाम एफई नं सुरू करतो, म्हणजे तो कधी सगळ्यात लहान ठरतच नाही. नवीन सिस्टीममधे तर ब्रिजला स्वतःचा वेगळाच मॅक तयार करून दिलेला पण दिसतो. तुमच्यासाठी याचा अर्थ काय, तर ब्रिज केल्यावर गोदामाच्या मशीनला राऊटर वेगळा आयपी देऊ शकतो, कारण मॅक बदलला तर त्याच्या दृष्टीनं हे नवीन मशीन आहे. जुन्या आयपीवर कुणी शेअर फोल्डर, प्रिंटर लावला असेल तर तो तुटणार. म्हणून ब्रिज.मॅक-ॲड्रेस मधे ऑफिसकडच्या कार्डाचाच मॅक लिहून टाका, नाहीतर बीआर० ला स्टॅटिक आयपी द्या.

या मशीनवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर पुढचं वाचा, नसेल तर सोडून द्या. डॉकर बऱ्याचदा स्वतःसाठी बीआर_नेटफिल्टर चालू करतं आणि फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करतं. त्यामुळं ब्रिजमधून नुसती जाणारी आयपी पॅकेटं, ज्यांचा फायरवॉलशी काही संबंध नाही, ती पण फायरवॉलमधून गाळली जातात आणि मरतात. हे ओळखायची खूण अशी की मॅक सगळे बरोबर दिसतात, एआरपीचं (मॅक विचारण्याचं) उत्तर येतं, पण पिंग जात नाही. उपाय एका ओळीचा आहे, आयपीटेबल्स -आय डॉकर-यूजर -आय बीआर० -ओ बीआर० -जे ॲक्सेप्ट. यातला पहिला आय मोठा, दुसरा लहान, आणि डॉकर-यूजर, ॲक्सेप्ट हे शब्द मोठ्या अक्षरांत.

तुमच्या मित्रानं डेबियनच्या जागी फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टीम) टाक म्हणून सांगितलंय. फ्रीबीएसडी मला पण आवडतं, त्यात हे दोन ओळींचं काम आहे, आयएफकॉन्फिग ब्रिज क्रिएट, मग आयएफकॉन्फिग ब्रिज० ॲडएम ईएम० ॲडएम ईएम१ अप, आणि ईएम०, ईएम१ दोन्ही वेगळे अप करायचे. नियम तोच, आयपी ब्रिज० ला. तिथं सगळ्या कार्डांचा एमटीयू (एका पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार) सारखा लागतो एवढं जास्तीचं. पण चालू मशीन पुसून नवीन टाकण्याइतकं कारण तुमच्याकडं नाही, डेबियनवरच राहा.

आता तपासायचं कसं, कारण अंदाजानं सेटिंग बदलत बसलं की संध्याकाळ होते आणि सुरुवात कुठं केली ते पण आठवत नाही. आधी ब्रिज लिंक टाका. दोन्ही कार्डांसमोर स्टेट फॉरवर्डिंग पाहिजे. डिसेबल्ड असेल तर वायर किंवा कार्ड अप नाही, लिसनिंग किंवा लर्निंग असेल तर थोडं थांबा. मग ब्रिज एफडीबी शो बीआर बीआर०, ही म्हणजे वॉचमनची वही. काट्याच्या मशीनचा मॅक यात ईएनपी३एस० समोर दिसला पाहिजे, राऊटरचा ईएनपी२एस० समोर. काट्याचा मॅकच नसेल तर फ्रेम तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये, मग वायर, आरजे४५ चं टोक, क्रिंपिंग बघा.

दोन्ही मॅक दिसतात तरी आयपी मिळत नाही असं झालं तर दोन टर्मिनल उघडा, एकात टीसीपीडंप -एनआय ईएनपी३एस० पोर्ट ६७, दुसऱ्यात तेच पण ईएनपी२एस० वर. मग काट्याच्या विंडोजवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू मारा. डिस्कव्हर (आयपीची मागणी) आधी ३ वर, म्हणजे ईएनपी३एस० वर दिसेल आणि लगेच २ वर, म्हणजे ईएनपी२एस० वर पण दिसलं पाहिजे. ३ वर आहे आणि २ वर नाही, तर ब्रिज अडवायलाय, एसटीपी किंवा फायरवॉल. दोन्हीकडं आहे पण ऑफर (राऊटरचं उत्तर) परत येत नाही, तर राऊटरकडं बघा, काही ठिकाणी मॅक बाइंडिंग करून ठेवलेलं असतं आणि नवीन मॅकला आयपी देतच नाहीत. ऑफर २ वर आली आणि ३ वर गेली नाही, तर परत ब्रिज. दहा मिनिटात दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं, मला दुसरी कुठलीच पद्धत एवढी भरवशाची वाटत नाही.

दोन गोष्टी कॉम्प्युटरच्या बाहेरच्या. गोदामातलं मशीन आता रस्त्यातला पूल झालंय, ते बंद तर काटा बंद. स्लीप, हायबरनेट सगळं बंद करा, बायोसमधे लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग करा, आणि त्याला वेगळा यूपीएस द्या. गोदामातल्या माणसाला पण सांगून ठेवा, नाहीतर तो संध्याकाळी घरी जाताना सवयीनं शटडाउन करून जाईल आणि रात्रीच्या गाड्यांना काटा मिळणार नाही.

दुसरी विजेची. आपल्याकडं मे, जूनमधे वळवाच्या पावसात कशी वीज पडते ते तुम्हाला सांगायला नको. दोन इमारतींमधे उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही जायची वाट, शिवाय दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. मी दरवर्षी पहिल्या पावसानंतर जळालेली कार्डं बदलतो. खर्च झेपत असेल तर ऑफिस ते काटा एक फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारे डबे) लावा, फायबरमधून वीज जात नाही आणि दीडशे मीटर त्याला काहीच नाही. मग काट्यासाठी गोदामाच्या मशीनवर अवलंबून राहायची पण गरज नाही, ब्रिज फक्त तुमच्या व्हर्च्युअल मशीनपुरता राहील. तोपर्यंत ढग गडगडायला लागले की गेटाकडची वायर काढून ठेवायची सवय लावा.

आधी आयपी ॲडर, ब्रिज लिंक आणि आयपी रूट या तीन कमांड चालवून जे येईल ते जसंच्या तसं पाठवा, मोबाइलनं फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त पूर्ण स्क्रीन येऊ द्या. आयपी रूटमधे डीफॉल्टच्या दोन ओळी दिसायल्या तर मला विचारायच्या आधीच जुनं वायर्ड प्रोफाइल डिलीट करून टाका आणि परत बघा.